गोळीच्या नाकावरचं भोक

अमेरिकी लष्कराकडे एम८५२ नावाचं एक काडतूस होतं. १९८० च्या दशकात ते लष्कराच्या नेमबाजांना स्पर्धेसाठी मिळायचं. लांबच्या नेमाला ते लष्कराच्या नेहमीच्या काडतुसापेक्षा चांगलं होतं, पण खोक्यावर ताकीद छापलेली असायची: लढाईत वापरू नये. लष्कराने पैसे मोजून घेतलेली गोळी, हातात धरणारा माणूस सैनिक, आणि ती शत्रूवर झाडायला मात्र बंदी.

भानगड गोळीच्या टोकाशी होती. तिथे एक भोक होतं, टाचणी जाईल न जाईल एवढं.

मी पुण्यात सुट्टीच्या दिवशी रेंजवर .२२ रायफल चालवते. रेंजवर गोळीबद्दल भरपूर बोललं जातं. ही गोळी चांगली चालते, ती जरा ‘उडते’, त्या लॉटचा ग्रुप घट्ट येतो. गोळीचा परफॉर्मन्स म्हणजे कागदावर पाच-दहा भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली, एवढाच अर्थ आम्हाला ठाऊक. एम८५२ ची गोष्ट वाचली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की या शब्दाला दुसरा अर्थही आहे. गोळी शरीरात शिरल्यावर काय करते, तोही तिचा परफॉर्मन्स. त्या दुसऱ्या अर्थाचा माग काढत गेलं की आपण कोलकात्याजवळच्या एका उपनगरात पोचतो. त्याचं नाव दमदम.

पोकळी मागच्या बाजूला

दमदम आज विमानतळामुळे माहीत असतं. एकोणिसाव्या शतकात तिथे कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्याचं ठाणं होतं आणि दारूगोळ्याचा कारखाना होता. शाळेच्या इतिहासात आपण ‘चरबी लावलेली काडतुसं’ वाचतो, त्या गोष्टीची सुरुवात इथलीच. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या कारखान्यातल्या एका मजुराने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातलं पाणी मागितलं. शिपायाने जात आड आणून नकार दिला. मजूर म्हणाला, थांब, लवकरच गाई-डुकराची चरबी लावलेली काडतुसं दाताने फोडावी लागतील, मग जात कुठे राहते बघू. ही बातमी छावण्या-छावण्यांतून पसरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेने शस्त्र उचललं आणि मे महिन्यात मेरठ पेटलं.

चरबी हवीच कशाला होती, हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही. ते कारण तांत्रिक आहे.

जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असायची. तिच्यातून सुटलेला शिशाचा गोल गोळा नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शंभर यार्डांच्या पुढे नेम म्हणजे बराचसा नशिबाचा भाग. नळीच्या आत पिळाच्या खोबणी कोरल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. अडचण भरण्याची होती. खोबणीत घट्ट बसेल अशी गोळी तोंडाकडून ठोकून आत घालायला वेळ लागे, आणि लढाईत तोच नसतो. १८४९ च्या सुमाराला क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने तोडगा काढला. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक ठेवायची, लांबट करायची आणि तिच्या बुडाला पोकळी ठेवायची. दारू पेटली की वायूच्या दाबाने पोकळ बूड फुलतं आणि खोबणीत जाऊन बसतं. सैल भरा, घट्ट सोडा.

१८५३ ची एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर चालत होती. गोळी आणि दारू कागदाच्या एकाच पुडीत असत. शिपायाने पुडी दाताने फोडायची, दारू ओतायची आणि गोळी कागदासकट आत दाबायची. ती सहज सरकावी म्हणून कागदाला वंगण. म्हणजे ज्या चरबीने बंड पेटलं, ती नेमबाजी सुधारण्याच्या खटपटीतून आली होती. नेम सुधारणाऱ्यांनी दाब, व्यास, घर्षण सगळ्याचा हिशेब केला. पुडी कोणाच्या तोंडात जाणार आहे, ही एक गोष्ट त्या हिशेबात नव्हती.

पोकळी पुढच्या बाजूला

चाळीस वर्षांनी दमदमचं नाव पुन्हा जगभर झालं, तेही गोळीमुळेच.

मधल्या काळात रायफल बदलली होती. धूर न करणारी दारू आली आणि गोळीचा वेग वाढला. त्या वेगात नुसतं शिसं खोबणीत टिकेना, सोलपटायला लागलं. म्हणून शिशावर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं कडक जाकीट आलं. ब्रिटिशांची आधीची मार्टिनी-हेन्री रायफल सुमारे ११ मिलिमीटर जाडीची, ३१ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी फेकायची. नवी .३०३ ची गोळी आठ मिलिमीटरही जाड नव्हती आणि वजनाने १४ ग्रॅम. ती लांब जायची, सरळ जायची, खांद्याला धक्का कमी द्यायची. कागदी निशाणावर ती सर्व बाबतींत सरस होती.

१८९५ मध्ये चित्रालच्या मोहिमेत सरहद्दीवरच्या सैनिकांची तक्रार आली, की ही गोळी माणसाला ‘थांबवत’ नाही. बारीक, कडक, वेगवान गोळी शरीरातून आरपार जाते, अरुंद जखम करते, आणि लागलेला माणूस धावतच राहतो. दमदमच्या कारखान्याचा कारभार तेव्हा कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याच्याकडे होता. त्याने साधा उपाय केला. गोळीच्या शेंड्यावरचं जाकीट थोडं आखूड केलं, म्हणजे टोकाला शिसं उघडं राहिलं. गोळी शरीरावर आदळली की मऊ शिसं चेपतं, जाकीट मागे उलगडतं आणि गोळी अळंबीसारखी पसरते. शिरताना लहान भोक, आत मोठा विध्वंस.

हीच ती ‘दमदम बुलेट’. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत आफ्रिदी आणि ओरकझाई टोळ्यांवर ती चालली. त्याच सुमाराला तरुण विन्स्टन चर्चिल मलकंदच्या मोहिमेत होता. तिच्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने या गोळीच्या परिणामांची प्रशंसाच केली आहे. इंग्लंडमधल्या वूलिच कारखान्याने मग आपली आवृत्ती काढली, मार्क ४. तिच्यात शेंड्याला शिसं उघडं ठेवण्याऐवजी नाकात सरळ भोकच पाडलं होतं. काम तेच, फुलायचं. मिनिएने बुडाला केलेली पोकळी गोळीला नळीत फुलवायची. ही नाकातली पोकळी गोळीला माणसात फुलवू लागली.

हेगमधला वाद

१८९९ च्या मे महिन्यात नेदरलँड्सच्या हेग शहरात २६ देशांचे प्रतिनिधी युद्धाचे नियम ठरवायला जमले. हिंदुस्थानचा प्रतिनिधी त्यात नव्हता, पण हिंदुस्थानातल्या एका कारखान्याचं नाव चर्चेत सारखं येत होतं.

पुराव्यावरूनच भांडण होतं. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचे सर्जन पाउल फॉन ब्रुन्स यांनी फुलणाऱ्या गोळ्यांचे प्रयोग करून भयानक जखमांचं वर्णन छापलं होतं. ब्रिटिशांचं म्हणणं, हे प्रयोग आमच्या गोळीचे नाहीतच. शिकारीच्या गोळ्या घेतल्या आहेत, त्यांच्यात कितीतरी जास्त शिसं उघडं असतं. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. पण ब्रिटनचे लष्करी प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी जो दुसरा युक्तिवाद केला, तो तांत्रिक नव्हता. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की सुधारलेल्या देशाच्या सैनिकाला बारीक गोळी लागली तर तो समजूतदारपणे मागे वळून रुग्णवाहिका शोधतो. ‘रानटी’ माणूस दोन-तीन गोळ्या खाऊनही अंगावर येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी.

रशियाच्या बाजूने लगेच आक्षेप आला, की माणसामाणसांत असा भेद या सभेच्या हेतूशी विसंगत आहे. अमेरिकेचे कॅप्टन विल्यम क्रोझियर यांची तक्रार वेगळी होती. मसुदा गोळीच्या रचनेवर बंदी घालतो, आपण परिणामावर घालायला हवी, म्हणजे गरजेपेक्षा क्रूर जखम करणारी कुठलीही गोळी नको. त्यांचं कोणी ऐकलं नाही. २९ जुलै १८९९ ला जाहीरनामा झाला. शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत; उदाहरणादाखल, ज्यांचं कडक जाकीट गाभा पूर्ण झाकत नाही किंवा ज्यांच्या जाकिटाला चिरा दिलेल्या आहेत अशा. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले.

आता दोन गोष्टी जवळजवळ ठेवून पाहा. पहिली: हा नियम फक्त सही करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धाला लागू होता. तिराहच्या आफ्रिदीला सही करायला कोणी बोलावलंच नव्हतं. दुसरी: त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटनचं दक्षिण आफ्रिकेत बोअरांशी युद्ध सुरू झालं. बोअर गोरे होते. तिथे ब्रिटिशांनी फुलणाऱ्या गोळ्या मागे घेऊन जुनी पूर्ण जाकिटाची मार्क २ वापरायची ठरवली. यात तांत्रिक कारणही मिसळलेलं होतं. तापलेल्या, न पुसलेल्या नळीतून मार्क ४ झाडली तर कधी कधी शिसं पुढे निघून जाई आणि जाकीट नळीतच अडकून बसे, जे झाडणाऱ्यालाच धोक्याचं. पण सरहद्दीवरच्या पठाणासाठी जी गोळी आवश्यक म्हणून भांडून मागितली, ती गोऱ्या शत्रूसमोर नेणं अडचणीचं झालं, एवढं उघड दिसतं.

ब्रिटनने शेवटी १९०७ मध्ये जाहीरनामा मान्य केला. १९१० मध्ये .३०३ ची नवी गोळी आली, मार्क ७. टोकदार आणि पूर्ण जाकिटातली, कायद्याला बोट ठेवायला जागा नाही. मात्र जाकिटाच्या आत, टोकाच्या भागात शिशाऐवजी हलकं अॅल्युमिनियम होतं. त्यामुळे वजन मागे सरकलं. हवेत पिळाच्या जोरावर ती सरळ जायची, पण शरीरात शिरली की मागचा जड भाग पुढे यायला बघायचा आणि गोळी आडवी व्हायची. जखम बारीक राहायची नाही. आकाराने निर्दोष, परिणामाने तितकीशी नाही. क्रोझियरची शंका अकरा वर्षांत खरी ठरली.

ही मार्क ७ आपल्या खडकीतही बनली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. .३०३ च्या जुन्या पुंगळीच्या बुडाशी ‘केएफ’ अक्षरं दिसली तर ती खडकीची, म्हणजे त्या काळच्या इंग्रजीत ‘किर्की’ची. एनसीसीत गेलेल्या आपल्या आधीच्या पिढीने .३०३ खांद्याला लावलेली असते. २००८ मध्ये २६/११ च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातातही .३०३ होत्या.

कोंबड्यांचं खाद्य आणि गोळीचं बूड

आता रेंजकडे वळू. गोळीच्या नाकावरून मुत्सद्दी भांडत होते त्याच काळात मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड गावी एक माणूस तिच्या बुडाकडे बघत बसला होता. डॉ. फ्रँकलिन मान. शिक्षणाने वैद्य, धंद्याने कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं बारीक करायची यंत्रं बनवणारे. एकाच रायफलीतून, एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्या एकाच भोकातून का जात नाहीत, या एका प्रश्नावर त्यांनी कित्येक वर्षं घालवली. माणसाचा हात हलतो म्हणून त्यांनी माणूसच बाजूला काढला. नळी ठेवायला काँक्रीटचा भक्कम चौथरा बांधला आणि त्याला नाव दिलं ‘शूटिंग जिब्राल्टर’. वाटेत कागदाचे पडदे टांगून गोळी कुठे कशी कलते ते मोजलं. मुद्दाम खराब केलेल्या गोळ्या झाडल्या, काहींची नाकं ठेचून, काहींची बुडं तासून.

१९०९ च्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष आजही नवख्याला चकित करतो. नाक ठेचलेली गोळी जवळजवळ नेहमीच्याच जागी जाते. बूड जरासं तिरकं झालं तर भरकटते. कारण समजायला सोपं आहे. गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणी तिच्या मागे दाबलेला वायू असतो. बूड काटकोनात असेल तर वायू सगळीकडून एकाच वेळी निसटतो. एक कड आधी सुटली तर तिथून वायूचा झोत जातो आणि गोळीला बाजूने ढुसणी बसते. शेंडा हवा कापतो म्हणून आपलं लक्ष शेंड्याकडे जातं. खरी शिस्त बुडाची.

रेंजवर याची प्रचिती येते. आमची .२२ ची गोळी ५.६ मिलिमीटरची, साध्या शिशाची, बिनजाकिटाची. वजन २.६ ग्रॅम, वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली ठेवलेला, कारण वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली येणारी गोळी डगमगते. निशाण ५० मीटरवर आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं घेतली तरी एका लॉटच्या दहा गोळ्या बटणात बसतात आणि दुसऱ्या लॉटच्या बाहेर सांडतात. म्हणून मोठे नेमबाज कारखान्यात जाऊन, रायफल शिकंज्यात पकडून, लॉटमागून लॉट झाडून बघतात आणि जमलेल्या लॉटचा साठा उचलतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं, ते याच ५० मीटरवर. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं, तेही ५० मीटरवर, ६०० पैकी ५९७ गुणांनी.

आपल्याकडे रायफल खेळ म्हणून हातात येणं हीच एक ऐतिहासिक घटना आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सर्वसामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायची बंदी केली, गोऱ्यांना त्यातून सूट होती. इंग्लंडमध्ये मात्र १८६० मध्ये विंबल्डनच्या मैदानावर राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा व्हिक्टोरिया राणीने स्वतः गोळी झाडून सुरू केली. आपली राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर ‘मावळणकर खेळून आलास का’ असं विचारतात, तेव्हा ते नाव या माणसाचं असतं.

एकच वाटी, दोन बाजू

आता एम८५२ चं भोक उलगडतं.

जाकिटाची सुरुवात तांब्याच्या एका छोट्या वाटीपासून होते. वाटीची एक बाजू बंद, एक उघडी. लष्कराच्या साध्या गोळीत बंद बाजू नाक होते. शिसं मागून भरतात आणि कडा आत वळवतात. नाक पूर्ण झाकलेलं, हेगचं समाधान. पण जोड बुडाला आली आणि बूड थोडंफार वाकडंतिकडं राहिलं. अचूक नेम हवा असेल तर उलटं करायचं. वाटीची बंद बाजू बुडाला ठेवायची म्हणजे बूड एकसंध, शिसं पुढून भरायचं आणि तोंड दाबून टोकदार करायचं. टोक पूर्ण मिटत नाही, बारीक भोक राहतं. अमेरिकेतल्या सिएरा कंपनीची ‘मॅचकिंग’ गोळी अशी बनते आणि एम८५२ मध्ये तीच होती. भोक फुलण्यासाठी पाडलेलं नव्हतं, बूड नीट ठेवण्याच्या पद्धतीत ते आपसूक उरलेलं होतं.

म्हणजे डॉ. मान यांच्या प्रश्नाचं उत्तर बाहेरून दमदमसारखं दिसत होतं. १९८५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या विधी विभागातले हेज पार्क्स यांनी सविस्तर अभिप्राय लिहिला, की या भोकाचा हेतू अचूकता आहे, ही गोळी सहज फुलत नाही, सबब युद्धात चालेल. १९९० मध्ये पुन्हा तसाच अभिप्राय आला. जाहीरनाम्यात सामील नसलेला देश त्याच्याच भाषेत स्वतःचा बचाव लिहीत होता. अभिप्रायाने भोकाचा प्रश्न सुटला, शरीराचा सुटत नाही. जाकीट पातळ आणि वेग जास्त असेल तर अशी गोळीही आत गेल्यावर फुटू शकते.

गंमत बघा. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या हरणांच्या कायद्याने रायफलीने हरीण मारायचं तर मऊ नाकाची किंवा पोकळ नाकाचीच गोळी हवी, कारण जनावर तडफडत राहू नये. अनेक देशांचे पोलीसही पोकळ नाकाची गोळी वापरतात, कारण ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याची भीती कमी. जे युद्धात क्रौर्य, ते शिकारीत दया आणि रस्त्यावर खबरदारी. धातूचा तुकडा तोच आहे.

म्हणून ‘गोळी चांगली आहे का?’ हा प्रश्न मला अर्धा वाटू लागला आहे. आर्डांना त्याचं उत्तर शत्रूच्या कातडीवरून मिळत होतं, मान यांना कागदावरून, पार्क्सना हेतूवरून. उरलेला अर्धा प्रश्न, म्हणजे समोर कोण आहे, हा १८५७ च्या पुडीपासून १९८५ च्या अभिप्रायापर्यंत प्रत्येक वेळी कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेला होता. रेंजवर समोर कागद असतो म्हणून तो विचारावा लागत नाही. नेमबाजी खेळ होते ती याच सवलतीमुळे. पण तिराहच्या खोऱ्यात समोर माणसं होती, आणि ती या हिशेबात माणसं म्हणून धरली गेली नव्हती.